वर्दीचे पैसे कोणी द्यायचे?

वऱ्हाडात सालदार ठेवायचा म्हणजे सगळी बोलणी एका बैठकीत व्हायची. पाडव्याच्या किंवा अखजीच्या सुमारास मालक आणि गडी समोरासमोर बसत. सालाचे रोख किती, ज्वारी किती, उचल किती हे ठरले की मग बारीकसारीक बाबी निघत : कपडा, जोडा, घोंगडी. पोळ्याला बैलांवर झूल चढे, तेव्हा गड्यालाही नवे कपडे मिळत. यात मालकाचा मोठेपणा नव्हता, तो व्यवहाराचा भाग होता. सालदारकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचलीच्या ओझ्याखाली एकेका घराच्या पिढ्या त्याच वाड्यावर राबल्या. पण त्या कठोर करारातही एक गोष्ट दोन्ही बाजूंना न लिहिता मान्य होती. ज्याचे काम, त्याने कामाचा कपडा द्यायचा.

आज त्याच घरातला मुलगा शहरात सिक्युरिटी गार्ड म्हणून लागतो आणि पहिल्या पगाराला त्याला कळते की ड्रेसचे पैसे कापले. सालदाराला मिळणारा कपडा त्याच्या नातवाला विकत घ्यावा लागतो. हे कसे झाले आणि कायदा त्यावर काय म्हणतो, ते या प्रकरणात पाहू.

वलगावहून निघालेले कपडे

वलगाव हे अमरावतीपासून सुमारे दहा किलोमीटरवरचे, परतवाडा मार्गावरचे, पेढी नदीकाठचे गाव. भोवती कपाशी, सोयाबीन, तूर. शहर इतके जवळ असले की गावातली माणसे दोन प्रकारच्या कामांत वाटली जातात. काही वावरात जातात, काही सकाळी शहराकडे. शहराकडे जाणाऱ्यांचे काम त्यांच्या कपड्यांवरून ओळखता येते. गार्डची वर्दी, पेट्रोलपंपाचा टी-शर्ट, खासगी दवाखान्यातल्या मावशींची एकरंगी साडी, कपड्याच्या दुकानातल्या सेल्समनचा काळी पँट-पांढरा शर्ट, पार्सल पोचवणाऱ्याचे कंपनीचे नाव छापलेले जॅकेट. वावरात जाणाऱ्याच्या अंगावर मात्र घरातला सर्वांत जुना शर्ट असतो. तो फाटला तरी चालेल असा शर्ट हाच त्याचा कामाचा पोशाख.

यातल्या प्रत्येक कपड्याचा खर्च कोणीतरी केलेला आहे. कोणी केला, यावर तो कामगार महिन्याला खरोखर किती कमावतो हे ठरते.

आकडे मांडून पाहू. समजा, एका गार्डचा पगार महिना १०,००० रुपये आहे. एजन्सीने त्याला दोन जोड वर्दी, बूट, पट्टा, टोपी आणि शिटी दिली आणि त्यापोटी २,४०० रुपये चार हप्त्यांत कापले. महिन्याला ६०० म्हणजे पगाराच्या सहा टक्के. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका दिवसाची हजेरी साधारण ३८५ रुपये. म्हणजे तो माणूस सहा दिवसांहून जास्त काळ फक्त वर्दीसाठी उभा राहिला. नोकरी वर्षभर टिकली तर हा बोजा वर्षाच्या कमाईच्या दोन टक्क्यांवर येतो. तीन महिन्यांत सुटली तर तो कितीतरी मोठा ठरतो.

आणि या धंद्यात नोकरी सुटते ती बरेचदा गार्डच्या चुकीने नव्हे. दवाखाना, बँक, कॉलेज यांची निविदा एका एजन्सीकडून दुसरीकडे जाते. फाटक तेच, खुर्ची तीच, बसणारा माणूसही तोच राहतो. फक्त वर्दीचा रंग बदलतो. नवी एजन्सी नव्या वर्दीचे पैसे पुन्हा कापते. जुनी वर्दी तो दुसरीकडे घालू शकत नाही, कारण तिच्या खांद्यावर आता निविदेबाहेर पडलेल्या एजन्सीचे नाव आहे. गार्डच्या कपड्यांवर कायद्याचीही नजर असते. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यानुसार सैन्य किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख गार्डने घातला, तर त्याला आणि एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एजन्सीची वर्दी ड्युटीवरच घालायची असते. लग्नकार्यात ती चालत नाही.

वर्दीचा दुसरा खर्च पगारपत्रकावर कधीच दिसत नाही. तो म्हणजे धुलाई. याच वलगावजवळ, पेढीच्या पुलाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. परीट घरात जन्मलेल्या बाबांनी चिंध्यांचा वेश स्वतःहून घेतला होता आणि स्वच्छतेचा धडा मात्र सगळ्या महाराष्ट्राला दिला. नोकरदाराला वेश निवडता येत नाही, पण स्वच्छतेची सक्ती त्याच्यावर रोजची असते. वर्दी मळली तर गैरहजेरी, इस्त्री नसली तर बोलणी. साबण, पाणी, इस्त्री आणि घरातल्या बाईचा वेळ हा सगळा खर्च मालकाच्या प्रतिष्ठेसाठी होतो आणि नोकराच्या घरातून जातो.

गिरणीतले खराब कापड

नोकराच्या पगारातून मालक काय कापू शकतो, हा प्रश्न महाराष्ट्रात पेटला तो कापडावरूनच. मुंबईच्या गिरण्यांत विणकराच्या हातून कापडात दोष राहिला की ते कापड त्याच्याच गळ्यात मारले जाई. किंमत पगारातून वजा, आणि ते विकून पैसे उभे करायची जबाबदारी विणकराची. दोष सुताचा की मागाचा की माणसाचा, हे ठरवणारा माणूस मालकाचा. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो सार्वत्रिक संप केला, त्यातल्या तक्रारींत दंड आणि हे खराब कापड दोन्ही होते.

पुढे १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने भारतातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी केली आणि १९३१ साली अहवाल दिला. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. तो २८ मार्च १९३७ पासून लागू झाला. या कायद्याने एक साधी पण मोठी गोष्ट केली. पगारातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते याची यादी दिली आणि यादीबाहेरची प्रत्येक कपात बेकायदा ठरवली. दंडालाही मर्यादा आली. सुरुवातीला ती रुपयामागे अर्धा आणा होती, पुढे तीन टक्के झाली. दंडाची रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हितासाठी वापरायची, असेही ठरले.

यादीत काय आहे? गैरहजेरी, दंड, ताब्यात दिलेल्या मालाचे निष्काळजीपणाने झालेले नुकसान, मालकाने दिलेले घर, उचल आणि कर्ज, आयकर, न्यायालयाचा हुकूम, भविष्य निर्वाह निधी, सहकारी पतसंस्थेचा हप्ता, विमा. गणवेश त्यात नाही.

मग एजन्सी कशाच्या आधारे कापते? विचारले तर उत्तर येते की आम्ही सोय पुरवली. यादीत 'सुविधा आणि सेवा' असे एक कलम आहे खरे. पण त्याला तीन कुलुपे आहेत. ती सुविधा सरकारने मंजूर केलेली हवी, नोकराने ती मान्य केलेली हवी, आणि तिच्या खऱ्या किमतीपेक्षा एक पैसाही जास्त कापता येत नाही. शेवटची अट अमरावतीत विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. बिझिलँड, सिटीलँडसारख्या घाऊक बाजारपेठा असलेल्या शहरात शंभर वर्द्यांचे कापड थानाने कोणत्या भावात मिळते हे कोणालाही विचारता येते. घाऊकात घेऊन किरकोळ भावाने पगारातून वळते केले, तर ती वर्दीची विक्री झाली.

त्याच कलमाखाली एक खुलासाही आहे. कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल पुरवणे म्हणजे 'सेवा' नव्हे. सुताराच्या कारखान्यात मालक करवतीचे पैसे कापू शकत नाही, कारण करवतीशिवाय मालकाचेच काम होत नाही. माझ्या मते वर्दीचा सगळा वाद या ओळीवर सुटतो. गार्डची वर्दी हे त्याचे हत्यार आहे. त्याच्याकडे बहुधा बंदूक नसते, कधीकधी काठीही नसते. फाटकातून आत येणारा माणूस थांबतो तो वर्दीमुळे. वर्दी काढली तर उरतो खुर्चीवर बसलेला एक माणूस, आणि त्याच्यासाठी दवाखाना एजन्सीला बिल देणार नाही.

आणखी एक पळवाट कायदा करणाऱ्यांनी आधीच ओळखली होती. पगारातून न कापता, नोकरी देतानाच 'ड्रेसचे दोन हजार रोख भरा' म्हटले तर? कायदा म्हणतो की नोकराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला दिलेली रक्कम ही पगारातली कपातच समजली जाईल. ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हातात दिलेले पैसेही त्यात आले.

२०२५ नंतर

जुन्या कायद्याची पोच मर्यादित होती. तो प्रामुख्याने कारखाने, रेल्वे आणि औद्योगिक आस्थापनांसाठी होता आणि शेवटी महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या २०१९ च्या वेतन संहितेने कपातीची यादी, हत्यारांचा खुलासा आणि रोख भरलेल्या रकमेचा नियम हे सगळे ठेवले आणि पगाराची व आस्थापनेच्या आकाराची अट काढली. चार नोकरांचे दुकान असो की चारशेंचा कारखाना, यादी एकच. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हीही अट आहे.

संहितेतली आणखी एक तरतूद नोकरांच्या उपयोगाची आहे. कामाच्या स्वरूपामुळे होणारा खास खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम वेतनात मोजली जात नाही. म्हणजे मालकाने ३०० रुपये ड्रेस भत्ता दिला, तर तो किमान वेतनाची भर म्हणून दाखवता येणार नाही.

एक माणूस मात्र या कुंपणाच्या बाहेरच राहतो. ऑनलाइन मागवलेले जेवण आणि पार्सल पोचवणारा तरुण. टी-शर्ट आणि पिशवीचे पैसे त्याच्याकडून नोंदणीच्या वेळीच घेतले जातात. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला 'गिग कामगार' असे नाव दिले, पण मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा म्हणून. नातेच नाही तर पगार नाही, आणि पगार नाही तर कपातीची यादीही नाही. कंपनीची जाहिरात पाठीवर घेऊन तो शहरभर फिरतो आणि ती पाठीवर घेण्याचे पैसेही तोच भरतो.

जिथे कपडा जीव वाचवतो

कपडा शोभेसाठी नसून सुरक्षेसाठी असेल, तर कायद्याची भाषा जास्त कडक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ जाऊन तेल घालणाऱ्या किंवा तपासणी करणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घातले पाहिजेत असे म्हटले होते, आणि तिथेच कंसात लिहिले होते की हे कपडे कारखानदाराने पुरवावेत. धोतराचा सोगा किंवा सैल बाही पट्ट्यात अडकून माणूस ओढला जाण्याची भीती वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना समजावून सांगावी लागत नाही. या कायद्यान्वये द्यावयाच्या कोणत्याही साधनाचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असे वेगळे कलमही होते. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तोच नियम पुढे चालवला. पण ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे.

शेतात तेवढी माणसे नसतात. म्हणून या विषयातली वऱ्हाडाची सर्वांत दुःखद गोष्ट कारखान्यातली नसून वावरातली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले आणि शेकडो रुग्णालयात गेले. चौकशीसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले गेले. त्या वर्षी कपाशीची पराटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि विष तोंडावर, छातीवर येई. औषधांची मिश्रणे, बोंडअळीची धास्ती, बॅटरीवरचे जोरदार पंप अशी कारणे अनेक होती. पण शेवटी विष कातडीला आणि श्वासाला भिडले, कारण मध्ये काही नव्हते. अंगावर होता तो जुना शर्ट, आणि तोंडाला दुपट्टा. सुती कापड विष अडवत नाही. ते शोषून घेते आणि अंगाला चिकटवून ठेवते.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशा संरक्षक कपड्यांचा नियम आहे. कीटकनाशक बनवणारे, वाहून नेणारे, विकणारे आणि फवारणारे, सगळ्यांना योग्य कपड्यांचे संरक्षण असले पाहिजे, आणि ते कापड विष आत शिरू न देणारे असावे. मात्र रोजाने लावलेल्या मजुराला तो पोशाख कोण देणार? मजूर म्हणतो, मी आज तुमच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. शेतकरी म्हणतो, दोन एकराच्या कपाशीत मी बियाणे-खताचे कर्ज फेडू की तुला पोशाख घेऊ? दोघांचेही खरे आहे. इथे मालक श्रीमंत आणि नोकर गरीब असे सोपे चित्र नाही. म्हणूनच हा खर्च औषध बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकणे न्यायाचे ठरेल. बाटलीच्या किमतीत पोशाखाची किंमत धरली, तर विष विकून मिळणाऱ्या नफ्यातूनच विषापासूनचे संरक्षण निघेल.

गणवेश नाही, फक्त 'ड्रेसकोड'

वर्दीचा खर्च टाळण्याचा एक सभ्य मार्ग आहे. गणवेश म्हणायचेच नाही. 'काळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट, कुठूनही घ्या' एवढे सांगायचे. महाराष्ट्र शासनाने १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने शिक्षकांसाठी पेहराव सांगितला. जीन्स, टी-शर्ट नको. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता, शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. रंग शाळेने ठरवावा. पूर्ण पगाराच्या शिक्षकाला हे जड नाही. पण त्याचा आदर्श घेऊन एखादी विनाअनुदानित शाळा आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळ्या रंगाची साडी ठरवू लागली, तर तुटपुंज्या मानधनावरच्या शिक्षिकेला तो खर्च जाणवतो.

'कुठूनही घ्या' म्हटले की मालकाची जबाबदारी संपते का? ब्रिटनमध्ये याचे उत्तर २०१८ साली मिळाले. वागामामा या उपाहारगृहांच्या साखळीने वाढप्यांना काळी जीन्स किंवा काळा स्कर्ट घालायला सांगितले होते. पैसे कर्मचाऱ्यांचे. तिथल्या नियमाप्रमाणे मालकाने सांगितलेल्या कपड्याचा खर्च वेतनातून वजा करून पाहतात, आणि उरलेली रक्कम किमान वेतनाखाली गेली तर तो नियमभंग ठरतो. २,६३० कर्मचाऱ्यांचे मिळून सुमारे १ लाख ३३ हजार पौंड देणे निघाले आणि कंपनीचे नाव सरकारी यादीत छापले गेले. दुसरी एक साखळी, टीजीआय फ्रायडेज, काळ्या बुटांसाठी त्याच यादीत आली. कपडा कोणत्या दुकानातून घेतला याला महत्त्व नाही. तो कोणाच्या हुकुमावरून घेतला याला आहे.

खर्च वाटून घेण्याच्या रीती

हा खर्च उचलणे अशक्य असते तर कोणीच उचलला नसता. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, गणवेशाचे आणि धुलाईचे अनेक छोटे भत्ते एकत्र करून एकच ड्रेस भत्ता केला. बडनेऱ्याच्या रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनला तो सुरुवातीला वर्षाला ५,००० रुपये होता, केंद्रीय रुग्णालयांतल्या परिचारिकांना महिन्याला १,८०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हा भत्ता २५ टक्क्यांनी वाढतो. एसटीत पूर्वी चालक-वाहकांना कापड आणि शिलाई मिळे. २०१८ च्या सुरुवातीला तयार गणवेश आले, आणि मापावरून कुरबुरी झाल्या. पण कुरबूर मापाची होती. पैसे कोणाचे, हा प्रश्न तिथे नव्हता.

तिसरी रीत बांधकामाची आहे. गवंडी, सेंट्रिंगवाले, मजूर यांचा मालक दर आठवड्याला बदलतो, म्हणून १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला. महाराष्ट्रातले कामगार कल्याण मंडळ त्या निधीतून नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच देते. वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मालक बदलत राहिला तरी हेल्मेट आणि बूट कामगाराबरोबर राहतात. फवारणीच्या मजुरासाठी आणि पार्सलवाल्यासाठी हाच नमुना वापरण्याजोगा आहे.

हातात काय ठेवायचे

वर्दीचा वाद उभा राहिला तर कसोटी एकच लावावी. ही नोकरी नसती तर हा कपडा या माणसाने घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर तो कपडा मालकाच्या कामाचा आणि खर्चही त्याचाच. मालकाचीही एक बाजू कायद्याने राखली आहे. दिलेली वर्दी नोकराने निष्काळजीपणे हरवली किंवा फाडली, तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन तेवढी भरपाई वसूल करता येते. नोकरी सोडताना वर्दी परत मागणेही रास्त आहे. फुकट दिलेलीच वस्तू परत मागता येते. जिचे पैसे कापले, ती ज्याच्या पगारातून कापले त्याची झाली.

नोकराने पगारपत्रक मागून घ्यावे. ते देणे संहितेने बंधनकारक केले आहे. रोख भरले तर पावती घ्यावी, पावती देत नसतील तर फोनवरच्या पेमेंटचा पुरावा ठेवावा. बेकायदा कपातीसाठी अमरावतीच्या कामगार कार्यालयात दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी बारा महिन्यांची मुदत होती, आता ती तीन वर्षे आहे. कपात सिद्ध झाली तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि पगार नियमाप्रमाणे दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

खरा उपाय मात्र नोकराच्या तक्रारीवर सोडता येणार नाही, कारण ६०० रुपयांसाठी नोकरी पणाला लावणारे थोडे. तो निविदा काढणाऱ्या दवाखान्याच्या, बँकेच्या, नगरपालिकेच्या हातात आहे. निविदेत माणसामागे वर्दी आणि धुलाईची रक्कम वेगळ्या रकान्यात लिहायची आणि बिल देताना पगारपत्रके तपासायची. असा रकाना नसला की सर्वांत कमी भावाची निविदा जिंकणारा ठेकेदार आपली तूट गार्डच्या पगारातून भरून काढतो, आणि सरकारी कचेरीच्या दारात उभा असलेला माणूस त्या कचेरीने वाचवलेल्या पैशांची किंमत स्वतः मोजतो.